लहानग्यांचा कान ठणकतो तेव्हा… कोणते प्रतिजैविक, किती आणि कधी?

हिवाळ्यातील रात्र. दोन दिवसांपासून सर्दीने नाक वाहत असलेले दीड वर्षाचे मूल मध्यरात्रीनंतर किंचाळून उठते, सारखे कानाकडे हात नेते, अंगावर घेतले तरी शांत होत नाही. शिरूर तालुक्यातील निमोणे आणि घोड धरणालगतच्या चिंचणी परिसरातील घरांना हा प्रसंग नवा नाही. अशा वेळी आजी लसणाची पाकळी घालून कोमट केलेले तेल कानात सोडते. पहाटे उशीवर पिवळसर डाग दिसतो, रडणे थांबलेले असते आणि ‘कान फुटला’ असे म्हणून घर निःश्वास सोडते. सकाळी कुणी औषधाच्या दुकानातून एखादी बाटली आणतो, कुणी गावातील दवाखान्यात जातो, कुणी एसटीने शिरूर गाठतो. तिन्ही ठिकाणी बहुधा वेगवेगळे औषध हाती पडते. पुण्याच्या कोथरूडमधील किंवा ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरील कुटुंबाची कथाही फारशी निराळी नसते. तिथे फक्त दवाखाने अधिक आणि औषधे अधिक महाग असतात.

या औषधांपैकी खरे प्रभावी कोणते, साध्या अमॉक्सिसिलिनवर भागते की ‘क्लॅव’ जोडलेलेच हवे, तीन दिवसांचे अझिथ्रोमायसिन सोयीचे असले तरी पुरेसे आहे का, आणि मुळात प्रतिजैविक द्यायलाच हवे का, या प्रश्नांवर गेल्या चार दशकांत जगभर बरेच संशोधन झाले आहे. त्यातील निष्कर्ष पालकांपर्यंत मात्र क्वचितच पोहोचतात.

कानात नेमके काय होते?

कानाच्या पडद्यामागे हवेने भरलेली एक छोटी पोकळी असते. तिला मध्यकर्ण म्हणतात. ही पोकळी एका बारीक नळीने घशाच्या मागील भागाशी जोडलेली असते. मोठ्या माणसात ही नळी उतरती असते; बाळात ती आखूड, रुंद आणि जवळजवळ आडवी असते. सर्दीत या नळीचे तोंड सुजते, मध्यकर्णातील हवा शोषली जाते, तिथे पाणी साचते आणि घशातील जंतू त्यात वाढू लागतात. दाबाने पडदा फुगतो आणि असह्य ठणका लागतो. हाच तीव्र मध्यकर्णदाह. सहा महिने ते दोन वर्षे हे वय या आजाराचे सर्वांत आवडते. आडवे झोपवून बाटलीने दूध पाजणे, घरातील विडी-सिगारेटचा धूर आणि चुलीचा धूर यांनी त्यास मदतच होते.

पू येतो तेव्हा पडद्याला छिद्र पडून दाब मोकळा झालेला असतो. म्हणूनच मूल शांत होते. तेलाने गुण आला, हा समज याच योगायोगातून पक्का झाला आहे. प्रत्यक्षात अखंड पडद्यापलीकडे तेल जातच नाही. आणि पडदा फाटलेला असेल तर ते थेट मध्यकर्णात उतरते, जिथे त्याचे काहीही काम नसते.

मध्यकर्णदाह घडवणारे जीवाणू प्रामुख्याने तीन : न्यूमोकॉकस, हिमोफिलस इन्फ्लुएन्झा आणि मोराक्सेला. काही मुलांत केवळ विषाणूच सापडतात. औषधांची सारी तुलना या तीन नावांभोवती फिरते, कारण तिघांच्या खोड्या वेगळ्या आहेत. न्यूमोकॉकस सर्वांत त्रासदायक. तो आपणहून हटण्याचे प्रमाण कमी आणि गुंतागुंतीचा धोका अधिक. हिमोफिलसचा संसर्ग तुलनेने अधिक वेळा आपोआप ओसरतो. मोराक्सेला त्याहून सौम्य.

आधी प्रश्न : औषध हवेच का?

नेदरलँड्समधील डॉक्टरांनी 1981 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला आणि खळबळ उडवून दिली. कानदुखीच्या बहुसंख्य मुलांना प्रतिजैविक न देता, केवळ वेदनाशामक देऊन बरे करता येते, असे त्यात दिसले. त्यानंतर त्या देशातील कौटुंबिक डॉक्टरांनी ‘थांबा आणि पाहा’ हेच धोरण स्वीकारले. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने 2004 मध्ये, आणि अधिक काटेकोरपणे 2013 मध्ये, निवडक मुलांसाठी हा मार्ग मान्य केला.

जगभरातील चाचण्या एकत्र करून पाहणाऱ्या कोक्रेन समीक्षेचे आकडे बोलके आहेत. औषध घेतले वा न घेतले, सुमारे 60 टक्के मुलांचे दुखणे 24 तासांत थांबते. दोन-तीन दिवसांनी दुखत राहणाऱ्या मुलांपैकी एकाचे दुखणे थांबवण्यासाठी सुमारे 20 मुलांना प्रतिजैविक द्यावे लागते. त्याच वेळी दर 14 मुलांमागे एकाला औषधामुळे जुलाब, उलटी किंवा अंगावर पुरळ येते. म्हणजे सरसकट औषध देण्यात लाभ थोडा आणि उपद्रव त्याहून थोडा जास्त. ही गोष्ट ऐकून अनेक पालकांचा विश्वास बसत नाही, आणि खरे तर अनेक डॉक्टरांचाही.

मात्र हे सरासरीचे गणित आहे आणि सरासरी सर्वांना सारखी लागू होत नाही. दोन वर्षांखालील मूल ज्याचे दोन्ही कान सुजले आहेत, किंवा कोणत्याही वयाचे मूल ज्याच्या कानातून पू वाहू लागला आहे, त्यांना प्रतिजैविकाचा फायदा स्पष्टपणे अधिक होतो, असे 2006 मधील एका एकत्रित विश्लेषणात दिसले. पुढे 2011 मध्ये दोन चाचण्या एकाच वेळी प्रसिद्ध झाल्या. फिनलंडमधील तुर्कू येथे 319 मुलांवर झालेल्या चाचणीत अमॉक्सिसिलिन-क्लॅव्युलॅनेट घेणाऱ्यांपैकी 18.6 टक्के मुलांत उपचार अयशस्वी ठरले. खोटे औषध घेणाऱ्यांत हे प्रमाण 44.9 टक्के होते. अमेरिकेतील पिट्सबर्गच्या चाचणीचा कलही तसाच. परंतु तुर्कूतील औषध घेणाऱ्या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांना जुलाब झाले, हेही त्याच निबंधात नोंदवलेले आहे.

आता तज्ज्ञांचा सर्वसाधारण कल असा दिसतो : सहा महिन्यांखालील बाळ, 39 अंश सेल्सिअस किंवा अधिक ताप, तीव्र किंवा दोन दिवसांहून अधिक काळ टिकलेले दुखणे, कानातून पू, दोन वर्षांखालील मुलाचे दोन्ही कान, यांपैकी काही असेल तर प्रतिजैविक लगेच. एरवी वेदनाशामक द्यावे आणि 48 ते 72 तास लक्ष ठेवावे. ब्रिटनमध्ये 2001 मध्ये 315 मुलांवर झालेल्या एका अभ्यासात डॉक्टरांनी निम्म्या पालकांना ‘चिठ्ठी तयार आहे, पण तीन दिवस वाट पाहून गरज वाटली तरच न्या’ असे सांगितले. त्यांपैकी केवळ 24 टक्क्यांनी प्रत्यक्षात औषध वापरले.

निमोण्यासारख्या ठिकाणी हा सल्ला अमलात आणणे मात्र शहराइतके सोपे नाही, हे मान्य करायला हवे. ‘दोन दिवसांनी परत या’ हे वाक्य डॉक्टरांच्या दृष्टीने फुकट असते; रोजंदारी बुडवून आलेल्या आईच्या दृष्टीने ते एका दिवसाची मजुरी आणि दोन तिकिटे असते. साखर कारखान्याच्या हंगामात फडावर आलेले ऊसतोड कुटुंब दोन दिवसांनी त्याच गावात असेलच, याचीही खात्री नसते. ‘थांबा आणि पाहा’ यातील ‘पाहा’ हा भाग निभावता येणार नसेल, तर ‘थांबा’ म्हणण्यात जोखीम आहे. अशा मुलाला लगेच औषध देणारा ग्रामीण डॉक्टर सरसकट चुकतो, असे म्हणता येणार नाही.

तुलना अवघड का ठरते?

कोणते औषध श्रेष्ठ, हे ठरवताना संशोधकांना एक विचित्र अडचण आली. ज्या आजारातून बहुतेक मुले आपोआप बरी होतात, त्यात निरुपयोगी औषधही उपयोगी भासते. अमेरिकेतील कॉलिन मार्शंट आणि सहकाऱ्यांनी 1992 मध्ये याला ‘पॉलियाना परिणाम’ असे नाव दिले. पॉलियाना ही प्रत्येक गोष्टीत चांगलेच पाहणारी कथेतील मुलगी. जंतू मारण्यात कमजोर असलेले औषधही ‘दहापैकी सात-आठ मुले बरी झाली’ असा दावा सहज करू शकते, आणि उत्तम औषधाशी त्याचा फरक कागदावर पुसट होतो. ‘आमच्या मुलाला अमुक सिरपने लगेच गुण आला’ या शेजाऱ्याच्या अनुभवाचे मोलही याच कारणाने मर्यादित आहे.

यावर तोडगा म्हणून काही संशोधकांनी, विशेषतः इस्रायलमधील रॉन डगन यांच्या गटाने, वेगळी पद्धत वापरली. उपचारापूर्वी पडद्यातून सुईने मध्यकर्णातील द्रव काढायचा, औषध सुरू करायचे आणि चार-सहा दिवसांनी पुन्हा द्रव काढून जंतू मेले की नाही, हे पाहायचे. बाळाच्या कानात दोनदा सुई घालणे ही कल्पना अंगावर काटा आणणारी आहे. पण औषधांमधील खरे अंतर या अभ्यासांतूनच उघड झाले.

अमॉक्सिसिलिन : जुने, स्वस्त आणि अजूनही पहिले

पेनिसिलिनच्या कुळातील हे औषध 1972 पासून बाजारात आहे. (या कुळाशी पुणे जिल्ह्याचे नाते जुने. स्वतंत्र भारतातील पहिला सरकारी पेनिसिलिन कारखाना, हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने 1954 मध्ये पिंपरी येथेच उभा राहिला.) पन्नास वर्षे उलटूनही मध्यकर्णदाहासाठी पहिल्या पसंतीचे औषध तेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रतिजैविकांच्या मार्गदर्शक पुस्तकातही तेच पहिल्या क्रमांकावर आहे. कारण साधे आहे : सर्वांत त्रासदायक जंतू न्यूमोकॉकस, आणि तोंडाने घ्यायच्या औषधांत न्यूमोकॉकसवर अमॉक्सिसिलिनइतके परिणामकारक दुसरे क्वचितच.

येथे मात्र एक मोठी मेख आहे, ती मात्रेची. न्यूमोकॉकसने पेनिसिलिनला दाद न देण्याची जी युक्ती शोधली आहे, ती मात्रा वाढवून बऱ्याच अंशी निष्प्रभ करता येते. म्हणून दर किलो वजनामागे दिवसाला 80 ते 90 मिलिग्रॅम अशी मोठी मात्रा, दोन वेळांत विभागून, सुचवली जाते. दहा किलो वजनाच्या मुलासाठी हे साधारण 400 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा होतात. पाच मिलिलिटरला 125 मिलिग्रॅम असलेले सिरप घेतले तर एका वेळी 16 मिलिलिटर, आणि 250 मिलिग्रॅमचे घेतले तर 8 मिलिलिटर. आता आपल्याकडे सर्रास ऐकू येणारी ‘अर्धा चमचा तीन वेळा’ ही मात्रा पाहा. 125 च्या सिरपचा अर्धा चमचा, म्हणजे अडीच मिलिलिटर, तीन वेळा दिला तर दिवसभरात जेमतेम 187 मिलिग्रॅम पोटात जातात. गरजेच्या एक पंचमांशाच्या आसपास. अशा मात्रेने जंतू मरत नाहीत, ते शिकतात. मग ‘साधे औषध लागू पडले नाही’ असे म्हणून महागडे लिहिले जाते. दोष औषधाचा नसतो, चमच्याचा असतो.

सरकारी आरोग्य केंद्रांत पाण्यात विरघळणारी 250 मिलिग्रॅमची अमॉक्सिसिलिन गोळी वापरण्याकडे कल वाढला आहे. चमचाभर पाण्यात वा आईच्या दुधात ती विरघळते, बाटली सांभाळावी लागत नाही आणि मोजमापाची चूक टळते. शहरातील पालकांना गोळीचे नाव काढले की नको वाटते. पण सिरपपेक्षा ती कमी दर्जाची नाही.

‘क्लॅव’ कशासाठी?

हिमोफिलस आणि मोराक्सेला या जंतूंचे काही वाण अमॉक्सिसिलिनला तोडून टाकणारे एक विकर तयार करतात. क्लॅव्युलॅनिक आम्ल या विकराला निकामी करते. स्वतः ते फारसे जंतू मारत नाही. अमॉक्सिसिलिनचे रक्षण करते. दोहोंचे मिश्रण ब्रिटनमध्ये 1981 मध्ये ऑगमेंटिन या नावाने आले, आणि आज आपल्याकडे अनेक कंपन्यांच्या नावांनी मिळते.

मग सर्वांनाच हे का देऊ नये? पहिले कारण जुलाब. क्लॅव्युलॅनेटमुळे पोट बिघडते, लंगोटाच्या जागी पुरळ येते, आणि तिसऱ्या दिवशी आई औषध बंद करते. दुसरे कारण, न्यूमोकॉकस हे विकर तयारच करत नाही. त्याच्यासाठी ‘क्लॅव’ जोडून काहीच मिळत नाही. म्हणून मिश्रण राखून ठेवायचे ते ठराविक मुलांसाठी : अमॉक्सिसिलिनने 48 ते 72 तासांत उतार न पडलेली, मागच्या महिनाभरात अमॉक्सिसिलिन घेतलेली, किंवा कानाबरोबर डोळेही चिकटणारी. कानदुखी आणि डोळ्यांना चिपडे असा जोड दिसला तर हिमोफिलसचा संशय बळावतो, ही बाब पालकांनीही डॉक्टरांना आवर्जून सांगावी.

मिश्रणाच्या बाटल्यांवरील आकड्यांकडेही पाहणे आवश्यक आहे. 125 अधिक 31.25, 200 अधिक 28.5, 400 अधिक 57, 600 अधिक 42.9 अशी निरनिराळी प्रमाणे मिळतात. पहिला आकडा अमॉक्सिसिलिनचा, दुसरा क्लॅव्युलॅनेटचा. मोठी मात्रा द्यायची असेल तर दुसरा आकडा तुलनेने लहान असलेले मिश्रण बरे. नाहीतर अमॉक्सिसिलिन वाढवताना क्लॅव्युलॅनेटही त्याच पटीने वाढते. दुकानदाराने ‘तेच आहे, कंपनी वेगळी’ म्हणून दुसरी बाटली दिली, तर हे आकडे जुळतात का, हे विचारण्यात संकोच नको.

आणखी एक घरगुती अडचण. ही सिरपे पूड स्वरूपात मिळतात आणि उकळून थंड केलेले पाणी बाटलीवरील खुणेपर्यंत घालून तयार करावी लागतात. पाणी कमी-अधिक झाले की प्रत्येक चमच्यातील औषध बदलते. तयार केलेले अमॉक्सिसिलिन-क्लॅव्युलॅनेट फ्रीजमध्येच ठेवावे लागते आणि सात दिवसांनंतर उरले तर टाकून द्यावे लागते. ज्या घरात फ्रीज नाही किंवा वीज तासन्‌तास नसते, तिथे हे औषध लिहिण्यापूर्वी डॉक्टरांनी एक प्रश्न विचारायला हवा. मागच्या खेपेची अर्धी बाटली पुढच्या थंडीत काढून देणारी घरे शहरातही कमी नाहीत.

तीन दिवसांचा मोह

अझिथ्रोमायसिन दिवसातून एकदा, तीन किंवा पाच दिवस. चव बरी, बाटली लहान, आईला सोपे. ते शरीरात दीर्घकाळ टिकते, म्हणून इतके थोडे दिवस पुरतात. पण दोनदा द्रव काढून केलेल्या अभ्यासांत हिमोफिलसला मध्यकर्णातून हटवण्यात ते अमॉक्सिसिलिन-क्लॅव्युलॅनेटपेक्षा बरेच मागे पडले. न्यूमोकॉकसमध्येही या गटाला दाद न देणारे वाण वाढले आहेत. शिवाय जे औषध दीर्घकाळ अल्प प्रमाणात शरीरात रेंगाळते, ते जंतूंना प्रतिकार शिकवण्याची उत्तम शाळा ठरते. पेनिसिलिनची खरी आणि गंभीर अ‍ॅलर्जी असलेल्या मुलापुरता त्याचा विचार करता येईल. केवळ सोय म्हणून नव्हे.

सेफिक्झिमबाबतही सावधगिरी हवी. आपल्याकडे विषमज्वरापासून घसादुखीपर्यंत त्याचा मुक्त वापर होतो. हिमोफिलसवर ते चांगले, पण न्यूमोकॉकसवर कमजोर. म्हणजे कानातील सर्वांत त्रासदायक जंतूपाशीच ते लंगडे पडते. त्याच कुळातील सेफ्युरॉक्झिम, सेफपोडॉक्झिम आणि सेफडिनिर ही या कामी बरी मानली जातात. पेनिसिलिनची सौम्य अ‍ॅलर्जी असेल तर तज्ज्ञ ती निवडतात. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनचे इंजेक्शन सतत उलट्या करणाऱ्या किंवा तोंडी औषधांनी न सुधारलेल्या मुलासाठी आहे. ‘सुई टोचली की लवकर बरे वाटते’ या समजुतीसाठी नाही. एके काळी आरोग्य केंद्रांत याच आजारासाठी दिले जाणारे को-ट्रायमॉक्साझोल जंतूंच्या प्रतिकारामुळे मागे पडले.

जागतिक आरोग्य संघटनेने 2017 पासून प्रतिजैविकांची तीन गटांत विभागणी केली आहे. अमॉक्सिसिलिन आणि त्याचे क्लॅव्युलॅनेट मिश्रण पहिल्या, सहज वापरायच्या गटात येतात. अझिथ्रोमायसिन, सेफिक्झिम, सेफपोडॉक्झिम व सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन ही दुसऱ्या, ‘जपून वापरा’ गटात. भारतात मार्च 2014 पासून लागू झालेल्या अनुसूची एच-1 नुसार सेफिक्झिम, सेफपोडॉक्झिमसारखी औषधे चिठ्ठीविना विकता येत नाहीत आणि दुकानदाराला त्यांची स्वतंत्र नोंद तीन वर्षे ठेवावी लागते. नियम कागदावर स्पष्ट आहे.

किती दिवस?

पाच दिवसांत भागते, तर दहा दिवस कशाला, हा प्रश्न रास्त आहे. पिट्सबर्गमधील संशोधकांनी 2016 मध्ये 6 ते 23 महिने वयाच्या 520 मुलांवर याची चाचणी प्रसिद्ध केली. दहा दिवस अमॉक्सिसिलिन-क्लॅव्युलॅनेट घेतलेल्यांपैकी 16 टक्क्यांत, तर पाच दिवस घेतलेल्यांपैकी 34 टक्क्यांत उपचार अयशस्वी ठरले. विशेष म्हणजे कमी दिवसांमुळे जुलाब वा जंतूंचा प्रतिकार कमी झाला, असेही दिसले नाही. त्यामुळे अमेरिकेत दोन वर्षांखालील मुलांना दहा दिवस आणि मोठ्या मुलांना त्याहून कमी दिवस असा शिरस्ता आहे. जागतिक आरोग्य संघटनेचे पुस्तक मात्र पाच दिवसच सांगते. दोन मोठ्या संस्थांचे एकमत नाही. अशा वेळी मुलाचे वय आणि दुखण्याची तीव्रता पाहून डॉक्टर ठरवतील तेवढे दिवस पूर्ण करावेत. दुखणे दुसऱ्या दिवशी थांबले म्हणून बाटली कपाटात ठेवू नये.

यातील बहुतेक पुरावा फिनलंड, नेदरलँड्स, अमेरिका येथील मुलांचा आहे, हेही ध्यानात ठेवावे लागते. शिरूर तालुक्यातच, वढू बुद्रुक येथे, पुण्याच्या केईएम रुग्णालयाचा ग्रामीण आरोग्य संशोधन उपक्रम आहे. तेथील गावांतील बालकांच्या सहभागाने श्वासावाटे देण्याच्या गोवर लशीची चाचणी झाली आणि 2015 मध्ये तिचे निष्कर्ष जगभर वाचले गेले. चुलीचा धूर, ऊसतोडीचे स्थलांतर, अपुरी मात्रा आणि खंडित वीज या परिस्थितीत कानाच्या औषधांची तुलना कशी उतरते, हे अशाच गावांतून विचारले जावे, ही अपेक्षा गैर नाही.

वाहणारा कान : निराळाच आजार

दोन आठवड्यांहून अधिक काळ कान वाहत असेल तर वरील सारा हिशोब बदलतो. तिथे न्यूमोकॉकसचे राज्य संपलेले असते. स्यूडोमोनास आणि स्टॅफिलोकॉकस हे जंतू ठाण मांडतात. स्यूडोमोनासवर अमॉक्सिसिलिन चालतच नाही. तरीही वाहत्या कानाला सिरपामागून सिरप दिली जातात. येथे उपयोग होतो तो कान कोरडा करण्याचा आणि सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या थेंबांचा. स्वच्छ, पातळ सुती कापडाची वात करून ती कानात हलकेच धरायची, ओली झाली की बदलायची, कोरडी निघेपर्यंत. असे दिवसातून तीनदा, आणि मग थेंब. साधारण दोन आठवडे. काडेपेटीची काडी, केसातली पिन, काडीला गुंडाळलेला कापूस यांना कानाजवळ थारा नको. पडदा फाटलेला असताना जेंटामायसिन वा निओमायसिन असलेले थेंब आतल्या कानाला इजा करू शकतात, म्हणून दुकानातून स्वतःच्या मनाने थेंब आणणे धोक्याचे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2004 मधील अहवालात कान वाहण्याचे प्रमाण चार टक्क्यांहून अधिक असलेल्या देशांत भारताची गणना होती. वाहत्या कानाची किंमत वासापुरती नसते. ऐकू कमी आले की भाषा मागे पडते, आणि अंगणवाडीत वा शाळेत ते मूल ‘लक्ष देत नाही’ या शिक्क्याचे धनी होते. तीव्र दुखणे थांबल्यावरही पडद्यामागे पाणी राहते. महिनाभराने सुमारे 40 टक्के आणि तीन महिन्यांनी 10 ते 25 टक्के मुलांत ते सापडते. या पाण्यावर प्रतिजैविकाचा उपयोग नाही. तीन महिन्यांनंतरही ते असेल तर श्रवणचाचणी करून घ्यावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी 2013 मध्ये पालघर येथून झाला. त्याच्या पथकांनी तपासायच्या आजारांत मध्यकर्णदाहाचा समावेश आहे. पथक अंगणवाडीत येते तेव्हा कानाची तक्रार सांगण्याचा हक्क पालकांना आहे.

लस काय करते?

न्यूमोकॉकसविरोधी लस 2021 मध्ये देशभरातील सार्वत्रिक लसीकरणात आली. दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने अशा तीन मात्रा सरकारी केंद्रात मोफत मिळतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने विकसित केलेल्या लशीला जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वमान्यता 2019 मध्ये मिळाली. कानापुरते बोलायचे तर अपेक्षा माफक ठेवाव्यात. फिनलंडमधील 2001 च्या चाचणीत, तेव्हाच्या सात वाणांच्या लशीने मध्यकर्णदाहाचे एकूण प्रसंग केवळ सहा टक्क्यांनी कमी झाले होते, लशीतील वाणांमुळे होणारे मात्र 57 टक्क्यांनी. लशीचे मोठे काम न्यूमोनिया आणि मेंदूज्वर रोखण्याचे. गोवराची लस चुकवू नये, कारण गोवरामागून कान फुटणे ही जुनी जोडी आहे.

त्या रात्री काय करावे?

पहिले औषध वेदनाशामक : पॅरासिटामॉल, दर किलो वजनास 15 मिलिग्रॅम, गरजेप्रमाणे सहा तासांच्या अंतराने. दहा किलोच्या मुलास 150 मिलिग्रॅम. येथेही बाटलीवरील आकडा वाचावा. थेंबांच्या छोट्या बाटलीत एका मिलिलिटरला 100 मिलिग्रॅम असतात, तर सिरपात पाच मिलिलिटरला 125 किंवा 250. थेंबांची बाटली चमच्याने देण्याची चूक यकृताला महाग पडू शकते. अ‍ॅस्पिरिन देऊ नये. सर्दीची मिश्र सिरपे कानाला उपयोगी नाहीत. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिनचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असे केंद्रीय औषध नियंत्रकांनी 2023 मध्ये स्पष्ट केले आहे. बाळाला उभे धरावे, अंगावरचे दूध चालू ठेवावे, कानात काही घालू नये.

कानामागे सूज येऊन कानाची पाळी पुढे ढकललेली दिसली, चेहऱ्याची एक बाजू वाकडी झाली, मान ताठ झाली, झटका आला, मूल गुंगीत गेले किंवा पाजलेले सारे उलटून टाकू लागले, तर सकाळची वाट पाहू नये. जंतू कानामागच्या हाडात किंवा मेंदूच्या आवरणापर्यंत गेल्याची ही लक्षणे असू शकतात. अशा मुलासाठी 108 क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी. जवळच्या आरोग्य केंद्रात प्रतिजैविकाची पहिली मात्रा देऊनच त्याला मोठ्या रुग्णालयात हलवतात. निघताना आधी दिलेल्या औषधांच्या बाटल्या, रिकाम्या असल्या तरी, बरोबर घ्याव्यात.